संध्याकाळच्या कुप्या

३ मार्च

प्रिय मुकादम,

पेटी उघडलीस म्हणून हे पत्र दिसलं असेल. बर्फाच्या पिशव्यांवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय. यापुढे पेटी आणि पत्र एकत्रच येतील. रिकामी पेटी परत पाठवशील तेव्हा तूही त्यात चार ओळी टाकत जा. फोनवर माझं काही खरं नाही. डावा कान गेलाच आहे, उजव्याने अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने जोडते. मागच्या खेपेला आपण दहा मिनिटं बोललो आणि ठेवल्यावर मला कळेना, ठोंब्याला ताप आहे की उतरलाय.

अखेर इस्पितळाच्या समितीने या उपचाराला हो म्हटलं. अकरा महिने कागद फिरत होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण सही आली तेव्हा मी खुर्चीत बसले ती पंधरा मिनिटं उठलेच नाही. एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या भावांसाठी, दुसऱ्यांच्या आयांसाठी बशा भरल्या. सख्ख्या भावासाठी भरताना हात थरथरतो, हे आत्ता कळलं.

आता नीट वाच. यातलं बरंच तुला तोंडपाठ आहे, पण तू हे तुझ्या छोट्या डॉक्टरांना दाखवशील म्हणून सगळंच लिहिते. ठोंब्या वेल्डिंग करताना मचाणावरून पडला, नडगीत सळई बसवली आणि सळईवर जंतूंनी घर केलं. चार वर्षांत सात औषधं झाली. प्रत्येक औषध महिनाभर चाललं आणि मग जंतूंनी ते पचवलं. या जंतूच्या अंगावर पंप असतात. औषध आत शिरलं की तो ते उपसून बाहेर टाकतो. आता मोठे डॉक्टर म्हणतात, मांडीतून पाय कापू. मी त्यांच्याकडून एप्रिलअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली आहे, अक्षरशः पाया पडून.

कुप्यांत आहे तो विषाणू. दचकू नकोस, माणसाला तो काही करत नाही. त्याचा धंदा एकच. जंतूवर बसायचं, आत शिरायचं, आपली पिल्लावळ वाढवायची आणि जंतूला फोडून बाहेर पडायचं. काट्याने काटा काढायचा म्हणतात तो हा प्रकार. मला तो कुठे सापडला हे ठोंब्याला सांगू नकोस. इस्पितळाच्या मागच्या गटारात. दोरीला बाटली बांधून सोळा वेळा तिथलं पाणी उपसलं. सतराव्या वेळी बशीतल्या जंतूंच्या सायीला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडलेली दिसली, म्हणजे तिथले जंतू मेले होते. मी एकटीच होते, नाहीतर नाचले असते.

सकाळी एक कुपी, संध्याकाळी एक. छोटे डॉक्टर शिकवतील तशी, पायाला लावलेल्या निचऱ्याच्या नळीतून, हळूहळू. एकही वेळ चुकवायची नाही. अर्धवट मार खाल्लेला जंतू हा मार न खाल्लेल्या जंतूपेक्षा वाईट, कारण तेवढ्यात तो शिकतो. वीस कुप्या आहेत, दहा दिवसांच्या. त्या संपायच्या सुमारास दुसरी पेटी येईल. वाचून झालं की हे शेवटचं पान फ्रिजच्या दाराला लाव.

तुझी,
ताई


११ मार्च

ताई,

पान फ्रिजच्या दाराला लावलं. शेजारी माझ्या कारखान्याचं शिफ्टचं वेळापत्रक आहेच, त्यामुळे घरात आता दोन साहेब झालेत.

वास गेला! हे आधी सांगायला हवं होतं. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तर वासच नाही. मला वाटलं, चार वर्षांनी माझंच नाक कामातून गेलं. शेजारच्या काकूंना हाताला धरून आणलं आणि म्हटलं, हुंगा. काकू बिचाऱ्या वाकून वाकून हुंगत होत्या. म्हणाल्या, अगं, नुसता डेटॉलचा येतोय. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. तर हे म्हणतात, ‘पाय माझा, रडतेस तू, नाक काकूंचं. वाटणी बरी आहे.’

गटाराचं मी नव्हतं सांगितलं, पण छोट्या डॉक्टरांच्या तोंडात तीळ भिजत नाही. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘लहानपणी ताईने मला गटारातून बाहेर काढलं होतं. आता गटार माझ्यात घालतेय. फिटंफाट.’ जेवण दोन घास वाढलंय. रविवारी कुबड्या घेऊन स्वयंपाकघरापर्यंत आले आणि माझ्या चहाला नावं ठेवून परत गेले. म्हणजे बरं वाटत असणार.

सकाळची कुपी देऊन मी सातला निघते. दिवसभर चाळीस शिलाई मशीनच्या मधून उभी असते, सहाला घरी येते, हात धुते की संध्याकाळची कुपी. मी दमलेय हो ताई. हे कोणाला सांगायची सोय नाही, कारण दुखणं त्यांचं आहे. ते नाही दमले आणि मी दमले, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तुम्हाला लिहिते कारण तुम्हीही दमला आहात, ते अक्षरावरून कळतं.

एक विचारायचं होतं. एखादी जादा पेटी पाठवाल का? आमच्याकडे कापड कधी पुरतं कापत नाहीत. शंभर सदऱ्यांचं काम असलं तर चार सदऱ्यांचं कापड मागे ठेवायचंच. कुठे डाग निघतो, कुठे सुई फाडते. ज्याने मागे ठेवलं नाही तो तोंडावर आपटला, हे मी बावीस वर्षं पाहतेय. आणि इथे माझ्या नवऱ्याचा पाय, आणि फ्रिजमध्ये मोजून सहा कुप्या. फ्रिज उघडला की आधी त्याच परत मोजते.

तुमची,
मुकादम


१३ मार्च

प्रिय मुकादम,

वास गेल्याचं वाचून मी पत्र मिटवलं, चष्मा पुसला आणि परत उघडून तेवढंच पुन्हा वाचलं.

जादा पेटी नाही गं. मनात असूनही नाही. एक खेप वाढवायला, गाळायला आणि तपासायला आठ दिवस लागतात. आम्ही इथे दोघी, त्यातली एक कंबर धरून घरी बसलीय. फ्रिज एक, आणि त्यात अजून तिघा रोग्यांची बाडबिस्तरं.

शिवाय हे कापड नाही. मागे ठेवून यात काही मिळत नाही, उलट जातं. मी विषाणू सोडला की जंतू गप्प बसत नाही. लाखातला एखादा असा निघतो की ज्याच्यावर विषाणूला बसताच येत नाही. बाकीचे मेले की रान त्या एकट्याचं. मग विषाणूतलाही एखादा बदलतो आणि त्या शहाण्यालाही धरतो. शेरास सव्वाशेर, असं हे माणूस जन्माला यायच्या आधीपासून चाललंय. आपण फक्त मधे पडून एका बाजूने जोर लावायचा. म्हणून जोर एकदम आणि सारखा हवा. जंतू पटापट मेले तर शिकायला उरतो कोण?

आणि तिसरा गडी म्हणजे ठोंब्याचं स्वतःचं रक्त. रक्ताला चांगला विषाणू, वाईट विषाणू कळत नाही. परका दिसला की धर. तीन-चार आठवड्यांत ते माझ्या विषाणूला ओळखायला लागेल आणि त्याने काम करायच्या आत त्याला धरून टाकेल. म्हणजे आपल्या हातात महिना आहे. जंतूही शिकतोय आणि ठोंब्याचं अंगही शिकतंय. ठोंब्या आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी वेळेत शिकणार आहे, आणि तेही आपल्या मुळावर.

परतीच्या पेटीत पूचा नमुना पाठव. छोट्या डॉक्टरांना म्हणावं, पुढच्या खेपेला रक्ताची एक बाटलीही.

दमलीस हे लिहिलंस ते बरं केलंस. आपल्या घरात दमायची परवानगी फक्त आजाऱ्याला असते, ही जुनी खोड आहे.

तुझी,
ताई


२० मार्च

ताई,

तुमची तेरा तारखेची पेटी सतराला संध्याकाळी पोचली. गाडी वाटेत बंद पडली म्हणे, आणि ड्रायव्हरने पेट्या एका पेट्रोलपंपाच्या फ्रिजमध्ये ठेवून दिल्या. त्याचे उपकारच, बर्फ तरी टिकला.

पण ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. चौदाला सकाळी शेवटची कुपी दिली. मग फ्रिज उघडायचा, बंद करायचा. फोन केला तर गाडीवाले म्हणतात, येईल. तुम्हाला केला तर तुम्ही म्हणालात, ‘हो, हवा चांगली आहे.’ हसू नका. मी ओट्याला धरून उभी होते. सोळाला पट्टीवर परत पिवळं दिसलं. हे म्हणाले, ‘अगं, होतं असं.’ मला ह्यांचं ते ‘होतं असं’ ऐकून भांडी आपटावीशी वाटली, आणि आपटलीही.

आता पेटी आलीय. काळजी करू नका. सकाळचं जाण्याआधी देते, संध्याकाळचंही बघते. पू अजून थोडा येतो, पण ते त्या तीन दिवसांचं असणार. नमुना बर्फात ठेवलाय. रक्त पुढच्या खेपेला, अठ्ठावीसला घेतो म्हणाले डॉक्टर.

आमच्याकडे निर्यातीचं मोठं काम आलंय. पाय सुजतात. संध्याकाळी दोघं जण पाय वर करून बसतो, एक दुखणारा आणि दोन सुजलेले. चौथ्याचा काही उपयोग नाही, तो नुसता हलवतात.

तुमची,
मुकादम


२ एप्रिल

प्रिय मुकादम,

हे पत्र सावकाश वाच आणि मग छोट्या डॉक्टरांना दे.

वीस तारखेच्या नमुन्यात शंभरातले नव्वद जंतू माझ्या विषाणूने मरत होते. अठ्ठावीसच्या नमुन्यात तीससुद्धा मरत नाहीत. बशीत साय जशीच्या तशी. मी तीनदा करून पाहिलं. रक्तही पाहिलं. त्याच्या रक्ताचा थेंब विषाणूत टाकला की विषाणू थंड पडतो. म्हणजे दोघेही शिकले. रक्त एवढ्यात शिकणार हे ठाऊकच होतं. मी धरून चालले होते की तोवर आपलं काम झालेलं असेल.

आता दुसरी बाजू. माझा विषाणू जंतूवर बसतो तो त्याच्या पंपालाच धरून. जो जंतू वाचला तो पंप टाकून वाचला. आणि पंप नाही तर औषध उपसणार कोण? मी ते पिवळं औषध काढलं, जे ठोंब्याला दुसऱ्या वर्षी दिलं होतं आणि फुकट गेलं होतं. त्यात भिजवलेली कागदी चकती बशीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती रुपयाएवढं मोकळं वर्तुळ! जीव वाचवायला जंतूने ढाल टाकून दिली, आणि आता जुनी तलवारही त्याला लागते. डॉक्टरांना म्हणावं, ते औषध आजच शिरेतून सुरू करा. थांबू नका. विषाणूचा धाक गेला की पंपवाले जंतू परत माजतील.

याने पाय वाचेल असं मी लिहू शकत नाही. हाड आतून किती गेलंय ते फोटो काढल्यावर कळेल. पण आग वर चढायची थांबेल असं वाटतं.

एक मात्र मला उमगत नाही. तीन दिवसांचा खंड धरला तरी इतक्या लवकर इतके जंतू उभे राहायला नको होते. रोज दोन कुप्या जात असत्या तर नाही. मुकादम, दोन्ही वेळा देतेस ना? रागवून विचारत नाही. फक्त मला माहीत असायला हवं.

तुझी,
ताई


६ एप्रिल

ताई,

ती कारखान्यात गेलीय, म्हणून लिहितोय. हे पेटीतून नाही, पोस्टाने पाठवतोय. काकू टपालात टाकतील. पेटी तीच बंद करते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. ती सकाळचीच कुपी देत होती. त्या तीन दिवसांत ती इतकी घाबरली की पेटी आल्यापासून संध्याकाळची कुपी मागे टाकायला लागली. पुन्हा गाडी अडली तर हाताशी असावी म्हणून. मला सांगायची, डॉक्टरांनी आता एकदाच द्यायला सांगितलंय. मी कुबड्या घेऊन पाणी प्यायला जातो ना, तर एकदा पाण्याच्या बाटल्यांमागे रुमालात गुंडाळलेल्या सापडल्या. दर दोन दिवसांनी दोन वाढायच्या. परवा मोजल्या तेव्हा एकोणीस होत्या.

आणि ताई, मला माहीत होतं. तुझं पान फ्रिजच्या दाराला होतं, मला वाचता येतं. तरी बोललो नाही. फ्रिज उघडून ती त्या रुमालाकडे बघायची आणि तिचा श्वास खाली बसायचा. चार वर्षं मी तिला असं शांत उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, असू दे, एवढ्याने काय होतंय. तेव्हा यातला निम्मा ठोंबेपणा माझा आहे.

काल फोटो काढला. हाड गेलंय. मोठे डॉक्टर म्हणाले, बावीस तारीख. पिवळं औषध परवापासून सुरू झालंय. त्याने ताप उतरला, ते म्हणतात कदाचित गुडघा ठेवता येईल.

मला पायाचं फार वाटत नाही. खरंच नाही. दमलोय मी त्याला सांभाळून सांभाळून. वाटतं ते तिचं. तुझं पत्र वाचल्यापासून ती बोलत नाही. ती तुला विचारणार. तिने विचारलं तर तू खोटं सांग. काय सांगायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तू आकड्यांच्या बाबतीत कधी खोटं बोललेली नाहीस, म्हणूनच ती विश्वास ठेवेल. माझा पाय एकदा जाईल आणि मी कुबडीवर का होईना फिरेन. तिच्या मनात हे बसलं तर ती उठायची नाही.

तुला हे किती जड जाईल ते मला कळतं. तरी मागतोय. लहानपणापासून तुझ्याकडे मागायचीच सवय.

ठोंब्या


८ एप्रिल

ताई,

नाही दिल्या. संध्याकाळच्या नाही दिल्या. सतरा मार्चपासून.

मी काय सांगू? तुम्ही लिहिलं होतंत, मोठ्या अक्षरात लिहिलं होतंत. मी वाचलं होतं. पण ते तीन दिवस मी पाहिले होते ना. मला वाटलं, एका पेटीने वास गेलाय, म्हणजे लागू पडतंय. थोडं कमी दिलं तर थोडं कमी लागू पडेल, एवढंच. शिलकीत चार असल्या तर गाडी पुन्हा अडली तरी भागेल. सगळा जन्म मी हेच केलं. सगळ्यांना पुरवून पुरवून वाढलं, शेवटी कधी कमी पडू दिलं नाही. लोक म्हणायचे, मुकादम, तुझ्या हाताला बरकत आहे. ह्यांच्याशी खोटं बोलले. तुम्हालाही ‘बघते’ असं लिहिलं. लिहिताना पेन अडलं होतं.

एकोणीस कुप्या आहेत फ्रिजमध्ये. त्यांच्याकडे बघवत नाही आणि टाकवतही नाहीत.

बावीसला कापणार. ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. ते मलाच समजावतात, म्हणतात, ‘एक बूट कमी पॉलिश करायचा.’ मी तोंड फिरवून कपडे वाळत घालायला जाते. कपडे नसले तरी जाते.

ताई, मला एकच सांगा. माझ्यामुळे झालं का? दोन्ही वेळा दिल्या असत्या तर पाय राहिला असता का? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. तुम्ही आकडे पाहिलेत. जे असेल ते सांगा. मी ऐकून घेईन.

मुकादम


१२ एप्रिल

प्रिय मुकादम,

उत्तराला उशीर झाला. कारण हे लिहायला मला तीन दिवस लागले.

तुझं पत्र आल्यावर मी माझं रजिस्टर काढून पहिल्यापासून तपासलं. चूक सापडली. ती माझी आहे. पहिली पेटी बरोबर होती, म्हणून वास गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या वेळी एका कुपीत किती विषाणू बसतात ते मोजताना मी एक शून्य जास्त धरलं. म्हणजे तुला पोचलेल्या कुप्यांत हवा त्याच्या दहावा हिस्साच माल होता. नुसतं पाणीच म्हण. तू दोन दिल्या असत्यास, चार दिल्या असत्यास, तरी जंतू असेच शिकले असते. तू जे मागे ठेवलंस त्याने काही बिघडलं नाही आणि जे दिलंस त्याने काही साधलं नसतं.

तू म्हणालीस, बरं वाटावं म्हणून सांगू नका. मी एकतीस वर्षं या टेबलाशी बसतेय. मला लोकांना बरं वाटेल असं बोलता येत नाही, ही माझी ख्याती आहे. ठोंब्याला विचार.

मी दमले होते. दोघींचं काम एकटी करत होते. हे कारण नाही, फक्त सांगतेय. समितीला काय कळवायचं ते माझं मी बघेन, तू छोट्या डॉक्टरांना काही बोलू नकोस. उरलेल्या कुप्या ब्लीच टाकून मोरीत ओत. परत पाठवू नकोस.

पिवळं औषध मात्र एक वेळही चुकवू नकोस. ते काम करतंय, तो आकडा पक्का आहे. त्याने गुडघा राहिला तर लाकडी पायाने माणूस जिना चढतो.

माझं तुझ्याबद्दल काही म्हणणं नाही. तुझं तू मनातून काढून टाक.

ताई


२ मे

ताई,

आता पेटी नाही, म्हणून पोस्टाने.

गुडघा राहिला. मोठे डॉक्टर स्वतः बाहेर येऊन म्हणाले, मांडीला हात लावायची वेळच आली नाही, औषधाने वरचा भाग स्वच्छ ठेवला. टाके कोरडे आहेत. ताप नाही. हे कालपासून नर्सबाईंशी भांडतात, उशी पातळ आहे म्हणून. नसलेली बोटं खाजतात म्हणाले. मी म्हटलं, खाजवते की, कुठे आहेत दाखवा. दोघंही हसलो.

पत्राला उशीर झाला कारण मी तुमच्यावर रागावले होते. आता लपवून काय करू? तुमचं पत्र आलं त्या रात्री मी झोपले. अशी झोपले की सकाळी काकूंनी दार वाजवून उठवलं. कितीतरी दिवसांनी छातीवरचा दगड उतरला. आणि उठून चहा ठेवला आणि राग आला. असा राग आला, ताई! एक शून्य! आमच्याकडे एखादीने काज बोटभर सरकवलं तर मी तिला मशीनवरून उठवते. इथे माणसाचा पाय होता. तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. त्यात काय होतं ते तुम्ही न वाचलेलंच बरं.

मग ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर बसले होते. सहा तास दुसरं काही कामच नव्हतं. विचार केला, बाई अठ्ठावन्न वर्षांची, एका कानाने बहिरी, दोघींचं काम एकटी ओढतेय, आणि त्यात सख्खा भाऊ. तुम्हीच लिहिलं होतंत, हात थरथरतो म्हणून. माणूसच आहे, चुकतं. मी नाही का घाबरून कुप्या लपवल्या? माझं नशीब की माझ्या चुकीने काही झालं नाही. तुमचं नशीब तसं नव्हतं. तेव्हा मी राग सोडला. अगदी मनापासून सोडला. तुम्हीही मनाला लावून घेऊ नका, जेवत जा नीट. कुप्या ओतल्या मोरीत, तुम्ही सांगितलं तशा. छोट्या डॉक्टरांना काही बोलले नाही.

ह्यांना मात्र तुमचं पत्र वाचून दाखवलं. आजवर लपवलं तेवढं पुरे झालं. माझं कुप्यांचंही सांगितलं आणि तुमचं शून्याचंही. मला वाटलं चिडतील. तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि खांदे हलायला लागले. मी पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, आता रडून पाय येणार आहे का? आणि बहिणीवर राग धरू नका, मीसुद्धा नाही धरला. तर म्हणाले, ‘तिला लिही, मी पण नाही धरला.’ म्हणून लिहितेय.

तुम्हाला निवृत्त व्हायला अजून दोन वर्षं आहेत. तेवढ्यात अजून कोणाचा पाय, कोणाचा हात तुमच्या टेबलावर येईल. मी वयाने लहान, शिकलेली नाही, तरी एक सांगते, राग मानू नका. आकडा लिहिण्याआधी एकदा दुसऱ्या कोणालातरी दाखवत जा.

तुमची,
मुकादम